गच्चीवरची टिटवी आणि थांबलेलं वॉटरप्रूफिंग

बडोद्याजवळ भायलीला आम्ही राहायला आलो तेव्हा घरामागे एरंडाचं शेत होतं. आता तिथे फ्लॅट उभे आहेत आणि आमच्या टेनामेंटच्या रांगेला लागून एकच प्लॉट मोकळा उरलाय. शेतं गेली, शेतातल्या टिटव्या मात्र राहिल्या. या पक्ष्याला अंडी घालायला झाड लागत नाही. खडीमातीची उघडी जागा लागते, चारी बाजूंनी नजर पोचेल अशी. आमच्या भागात तशी जागा आता गच्च्यांवरच मिळते, म्हणून टिटव्या गच्च्यांवर येतात. मागच्या उन्हाळ्यात एक जोडी आमच्याकडे आली. ते सगळं कसं निभावलं ते सविस्तर लिहून ठेवतेय, कारण त्या दिवसांत मी भेटेल त्याला विचारत होते आणि जो तो अर्धंच सांगत होता. अंड्यांना हात लावू नका, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पिल्लं निघाल्यावर काय करायचं, ते कुणालाच नीट सांगता येत नाही, आणि गच्चीवरच्या घरट्यात खरं काम तिथूनच सुरू होतं.

आमची गच्ची बडोद्यातल्या बहुतेक गच्च्यांसारखी चायना मोझॅकची, पांढऱ्या लाद्यांच्या तुकड्यांची. टाकीच्या बाजूला मागच्या दुरुस्तीची खडी तशीच पसरून राहिली होती. मागच्या खोलीच्या छताला ओल येत होती, म्हणून पावसाआधी वॉटरप्रूफिंग करून घ्यायचं ठरलं, कडियाभाईंना, म्हणजे गवंड्यांना, आगाऊ पैसेही दिले. मे उजाडला की काम सुरू. एप्रिल संपत आला होता. नवरा टाकी बघायला वर गेला आणि भराभर जिना उतरून खाली आला. टिटवी थेट डोक्यावर झेपावली होती. दुसरी जरा लांब एक पंख जमिनीवर लोळवत फरफटत चालली होती. पंख मोडल्याचं हे सोंग टिटवी अंडी-पिल्लं असतानाच करते. मांजर किंवा मुंगूस त्या दुबळ्या दिसणाऱ्या पक्ष्याच्या मागे लागतं आणि घरट्यापासून लांब जातं. म्हणजे अंडी होती. तरी ती शोधताना माझे डोळे दुखले. मातकट रंगावर काळे डाग, खडीत पूर्ण मिसळून गेलेली. चार अंडी, निमुळती टोकं मध्याकडे वळवलेली. घरटं म्हणजे नुसता उथळ खळगा आणि कडेने गोळा केलेले बारीक खडे.

सासूबाई दांडिया बाजारच्या वाड्यात वाढलेल्या. त्यांच्या लहानपणी रात्री वाड्यावरून टिटवी ओरडत गेली की आजी उठून देवापाशी दिवा लावायची. त्या म्हणाल्या, "अगं, महिनाभर ही डोक्यावर ओरडणार? काहीतरी कर बाई." आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या बेन कंपाउंडपाशी येऊन हरखून विचारत होत्या, "तमारी अगाशी पर टिटोडीए ईंडां मूक्यां? चार? तो तो चारेय महिना वरसाद सारो!" गुजरातेतल्या शेतकऱ्यांची ही जुनी समजूत आहे. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, सखलात घातली तर ओढ, आणि जितकी अंडी तितके महिने पाऊस. माझा यावर विश्वास नाही. टिटवी एका वेळी बहुधा चारच अंडी घालते आणि आमची गच्ची तिने खडीसाठी निवडली होती. पण या समजुतीचे उपकार मी मानते. तिच्यामुळे आमची सगळी रांग त्या घरट्याच्या बाजूने उभी राहिली. रात्री-अपरात्री टिटवीच्या ओरडण्याने ज्यांच्या झोपा मोडल्या, त्यांनीही तक्रार केली नाही, आणि मुलं जिन्याकडे वळली की आमच्या आधी समोरचे काका त्यांना हाक मारत. चांगल्या पावसाचं ऐकून सासूबाईही निवळल्या.

नवऱ्याचं म्हणणं होतं, अंडी अलगद उचलावी आणि शेजारच्या प्लॉटवर तसाच खळगा करून ठेवावी. मी ठाम नाही म्हटलं. हलवलेल्या अंड्यांवर पक्षी येऊन बसेल याची खात्री नसते, आणि प्लॉटवर सोसायटीची कुत्री दिवसभर हिंडतात. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंडी किंवा घरटी विस्कटणं हेही धरलेलं आहे. १९६२ या नंबरवर फोन केला. गुजरातेत करुणा अ‍ॅम्ब्युलन्सचा हा नंबर पाठ असतो, उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, मांज्याने कापलेल्या पक्ष्यांसाठी तो लावावा लागतो. तिथून पुढे वनखात्यातल्या एकांशी बोलणं झालं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दोनच प्रश्न विचारले. गच्चीला कठडा केवढा आहे, आणि जवळ मोकळी जमीन आहे का.

कठड्याचा प्रश्न मला तेव्हा नीट समजला नव्हता. त्यांनीच उलगडून सांगितलं. बुलबुलाची किंवा चिमणीची पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात आणि आईबाप त्यांना घरट्यातच भरवतात. टिटवीची पिल्लं अंगावर पिसांची लव घेऊनच बाहेर येतात आणि काही तासांत चालू लागतात. टिटवी त्यांना चारत नाही. ती त्यांना किडे असतील तिथे घेऊन जाते, धोका दिसला की ओरडून सावध करते, उन्हात सावली आणि थंडीत ऊब देते, पण टिपायचं पिल्लांनीच. उडता यायला पाच-सहा आठवडे लागतात. कठडा नसलेल्या छतावरून ही पिल्लं खाली उड्या टाकतात. आमचा कठडा कमरेइतका उंच. म्हणजे लादीवर किडे नाहीत, खाली जायला वाट नाही आणि डोक्यावर मे महिन्याचं ऊन. आईबाप समोर असूनही पिल्लं तिथे जगली नसती. त्यांना कुणीतरी खाली न्यायलाच हवं होतं.

कडियाभाई दाहोदकडचे. मी काम पुढे ढकलायचं विचारायला बिचकत होते, कारण त्यांची माणसं ठरलेली होती. त्यांनी जिन्याच्या दारातूनच बघितलं, आत पाऊलही टाकलं नाही, आणि म्हणाले, "हवे महिनो राह जोवानी." म्हणजे आता महिनाभर वाट बघायची. त्यांच्याकडे नांगरताना टिटवीचं घरटं लागलं तर तेवढा तुकडा सोडून बैल वळवतात, असं त्यांनी सांगितलं. शेवटचं अंडं घातल्यापासून २८ ते ३० दिवस उबवण चालते. म्हणजे मे सरता सरता पिल्लं, जूनच्या सुरुवातीला काम आणि जूनच्या मध्यानंतर कधीही पाऊस. हिशेब अगदी काठावरचा होता. पण तो त्यांनी मांडला आणि मधल्या दिवसांत दुसरीकडचं काम धरलं. जाताना कोपऱ्यातल्या पावसाच्या पाण्याच्या पाइपाकडे बोट दाखवून म्हणाले, पिल्लू पहिलं तिथे जाईल. ते माझ्या कधीच लक्षात आलं नसतं. पिल्लू सावली शोधत कडेकडेने धावतं आणि सगळ्यात काळोखी सावली त्या पाइपाच्या तोंडात असते. दुसऱ्याच दिवशी पहाटे तिथे जाळी बसवली.

मग वाट बघणं. मे महिन्यात गच्ची सोडायची म्हणजे काय, ते वाळवणं घालणाऱ्या घरालाच कळेल. सासूबाईंच्या कुरडया पोर्चमध्ये आल्या, बेननी आपल्या छुंद्याच्या बरण्या घरापुढच्या ओट्यावर मांडल्या. यात नुसता टिटवीचा मान राखणं नव्हतं. वाळवणावर कावळे येतात, आणि टिटवीच्या अंड्यांना कावळ्याचा मोठा धोका असतो. त्याच कारणाने गच्चीवर दाणे टाकणं, पोळीचे तुकडे ठेवणंही बंद केलं. काहींना ते कठोर वाटलं. पण पक्ष्यांवर माया म्हणून घरट्याजवळ खाणं ठेवणारी माणसं नकळत कावळ्याला वाट दाखवत असतात.

सावलीसाठी हिरवी जाळी बांधा, असं निदान दहा जणांनी सुचवलं. मी बांधली नाही. उघड्यावर बसणाऱ्या पक्ष्याची सगळी सुरक्षितता त्याला चहूकडे दिसण्यात असते. डोक्यावर काही फडफडू लागलं तर तो अंडी सोडूनही जाईल. आणि उन्हाची सोय त्यांच्याकडे होती. पारा ४२ अंशांच्या वर गेला की भर दुपारी टिटवी अंड्यांवर बसत नसे, पाय ताठ करून, पिसं फुलवून त्यांच्यावर उभी राही. टाकीपाशी आम्ही एक पसरट थाळी ठेवली होती, आत खडे आणि बोटभर पाणी. जोडीतला एक पक्षी थाळीत उतरायचा, पोटाची पिसं भिजवायचा आणि तसाच ओला जाऊन अंड्यांवर बसायचा. तो बसला की दुसरा थाळीकडे यायचा. पाण्याने अंडी थंड ठेवायची ही रीत मी जिन्याच्या खिडकीतून पाहिली, आणि त्यानंतर त्या थाळीत पाणी आहे ना, हे बघितल्याशिवाय मी ऑफिसला निघाले नाही.

वर जायचं ते त्या थाळीसाठी आणि टाकीसाठी, तेही सकाळी लवकर. न थांबता, घरट्याकडे न बघता, ठरलेल्या वाटेने चाललं की नुसती ओरड व्हायची. थांबलं की झेप. या फेऱ्यांमध्येच एक काम थोडं थोडं उरकलं, ते सगळ्यांना मुद्दाम सांगते. उत्तरायण होऊन तीन महिने झाले होते तरी गच्चीवर मांज्याचे तुकडे होते. टाकीच्या पायाला गुंडाळलेले, खडीत अडकलेले, डिशच्या वायरीवर लोंबणारे. टिटवीच्या पिल्लाचे पाय काडीएवढे. त्यांना या दोऱ्याचा एक वेढा बसला तरी संपलं. आमच्याकडे पतंग उडवतात अशा प्रत्येक घराच्या गच्चीवर हा दोरा वर्षभर पडून असतो. पक्षी येवोत न येवोत, जानेवारीतच तो वेचून कचऱ्यात टाकला पाहिजे. पिल्लांच्या सावलीसाठी कठड्याशी दोन विटांवर एक फळी आडवी ठेवली. तीही घरट्यापासून लांब आणि बरीच आधी, म्हणजे पक्ष्यांना तिची सवय व्हावी.

त्याच दिवसांत पोर्चमधल्या मनीप्लांटमध्ये बुलबुलाचंही घरटं होतं. त्याचं फार काही करावं लागलं नाही. पाइपाने पाणी मारायचं बंद केलं, तांब्याने मुळाशी घातलं. एक पिल्लू उडायच्या आधीच खाली आलं, तेव्हा बेन म्हणाल्या, हात लावला तर आई टाकेल. तसं काही होत नाही. पिसं फुटलेलं होतं, उचलून कढीलिंबाच्या आत ठेवलं, आणि आई तोंडात अळी घेऊन लगेच आली. कबुतरांची गोष्ट मात्र निराळी. ती बाथरूमच्या डक्टमध्ये वर्षभर काड्या आणतात आणि त्यांच्या विष्ठेने फुप्फुसांचा त्रास होतो हे खरं आहे. तिथे मी अंडं पडायच्या आधी रोज काड्या काढते आणि जाळी तपासते. अंडं पडलं की मात्र मीही थांबते, पिल्लं उडेपर्यंत.

मे संपता संपता एका सकाळी टिटव्यांचं वागणं बदललं. बसलेला पक्षी सारखा उठून खाली वाकून बघत होता. पिल्लू बाहेर यायच्या आधी अंड्याच्या आतून आवाज करतं, ते ऐकत असावा. दुपारपर्यंत दोन पिल्लं बाहेर, संध्याकाळी तिसरं, अजून ओलसर. चौथं अंडं तसंच. पहिली दोन फळीखाली पोचली होती आणि आमच्या घरात वाद सुरू झाला. नवऱ्याला वाटत होतं, आत्ताच न्यावं, उद्यापर्यंत उपाशी राहतील. मला भीती होती ती वेगळी. दोन पिल्लं खाली आणि एक वर, म्हणजे आईबापांची फाटाफूट. वनखात्यातल्या त्या गृहस्थांना पुन्हा फोन केला. ते म्हणाले, अंड्यातल्या बलकाचा अंश पिल्लाच्या पोटात असतो, एक दिवस त्यावर निघतो. रात्र जाऊ द्या, पहाटे सगळी एकदम न्या, आईबापांच्या डोळ्यांसमोर न्या, आणि ठेवून लगेच मागे फिरा.

ती रात्र मी जिन्यातच काढली. मांजर वर येईल म्हणून जिन्याचं दार लावलं होतं, आणि तरी कान तिकडेच.

पहाटे झुंजूमुंजू होताच आम्ही वर गेलो. नवऱ्याने हेल्मेट घातलं होतं आणि ते घालायलाच हवं होतं. दोन्ही टिटव्या आळीपाळीने झेपावत होत्या. धोक्याची ओरड ऐकली की पिल्लं पळत नाहीत, जागच्या जागी दबून बसतात. त्यामुळे उचलणं सोपं, सापडणं कठीण. फळीखालचं एक लगेच मिळालं, दुसरं जाळीपाशी होतं, अगदी कडियाभाई म्हणाले होते तिथेच. तिसरं खळग्याच्या शेजारी खडीत दबलेलं, आणि आम्ही त्याच्या इतक्या जवळ उभे होतो की पुढचं पाऊल टाकायला हात-पाय थरथरत होते. बुटांच्या खोक्याला भोकं पाडून तळाशी सुती कापड घातलेलं होतं. झाकण पूर्ण लावलं नाही, म्हणजे त्यांची चिवचिव बाहेर ऐकू जावी. मी खोकं उंच धरून जिन्याने न जाता आधी कठड्याशी गेले, टिटव्यांनी पाहावं म्हणून, आणि मग खाली उतरले. फाटकाबाहेर आलो तेव्हा त्या दोघी वरती घिरट्या घालत होत्याच.

प्लॉटवर गांडा बावळची, म्हणजे वेड्या बाभळीची, झुडपं आहेत, खाली गवत आणि मागच्या बाजूला बांधकामाच्या पाण्याची ओल. समोरच्या काकांनी आधीच कुत्र्यांना बिस्किटं दाखवत पलीकडच्या गल्लीत नेलं होतं. तिन्ही पिल्लं एकत्र जमिनीवर ठेवली आणि आम्ही घरात येऊन खिडकीशी बसलो. बराच वेळ काही झालं नाही. पिल्लं दबलेली, टिटव्या वर. मग एक टिटवी प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला उतरली, थोडं चालली, थांबली, आणि तिचा आवाज बदलला. नेहमीची ती कर्कश टिवटिव नव्हती, खालच्या सुरात तुटक बोलावणं होतं. गवतातून पहिलं पिल्लू उठलं आणि तिच्याकडे धावत सुटलं. सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता, तो तिसरं पिल्लू पोचेपर्यंत सोडला नाही.

दुसरा पक्षी मात्र गच्चीवरच्या उरलेल्या अंड्याकडे पुन्हा पुन्हा येत राहिला. ते दोन दिवस तसंच ठेवलं. आत काही हालचाल नव्हती, वास येऊ लागला होता. वनखात्याला सांगून ते काढलं आणि अंगणात पुरलं. शोभेचं म्हणून घरात ठेवायला एका मुलाने मागितलं होतं, त्याला मी दिलं नाही. वन्य पक्ष्याचं अंडं घरात ठेवायचं नसतं, हे त्याला तेव्हाच समजलेलं बरं. अंडं गेल्यावर तो पक्षीही खाली स्थिरावला.

तिन्ही पिल्लं वाढली असं मी म्हणू शकत नाही. पहिल्या आठवड्यात तिन्ही दिसत होती, नंतर दोनच. पाऊस सुरू झाल्यावर गवत एवढं माजलं की नुसता आवाज यायचा. जुलैत एकदा दोन कोवळ्या टिटव्या थव्याबरोबर उडताना दिसल्या. त्यांचा गळा अजून पुरता काळा झाला नव्हता, म्हणून त्या याच असाव्यात असं धरून चालते. कडियाभाईंचं काम पहिल्या सरीच्या आधी जेमतेम पुरं झालं आणि मागच्या खोलीची ओल गेली.

काम चालू असताना त्यांनी विचारलं होतं, खडी खाली उतरवू का? सासूबाई म्हणाल्या, राहू दे, पुढच्या वर्षी परत येईल बिचारी. मलाही तसंच वाटत होतं, म्हणून तेव्हा राहू दिली. पण दिवाळीनंतर शेजारच्या प्लॉटवर बिल्डरची पाटी लागली. खाली मोकळी जमीनच नसेल तर आमची गच्ची पिल्लांसाठी सापळा होईल. म्हणून जानेवारीत, एकही अंडं पडायच्या आधी, सगळी खडी उतरवली. सासूबाई दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत, आणि त्यांचं दुःख मला कळत होतं.

मागच्या फ्लॅटवाल्यांच्या छतावर खडी आहे आणि त्यांच्याकडे मोठा कॉमन प्लॉटही आहे. फेब्रुवारीत त्यांच्या कमिटीला जाऊन भेटले. पाइपाला जाळी बसवणं आणि मांजा वेचणं त्यांनी लगेच मान्य केलं. गवताबद्दल बरीच चर्चा झाली, कारण काहींना साप-विंचवांची भीती होती आणि ती खोटी नव्हती. शेवटी कुंपणाकडचा एक पट्टा पाऊस येईपर्यंत कापायचा नाही आणि त्या पट्ट्यात माळ्याने मे-जूनमध्ये कीटकनाशक फवारायचं नाही, असं ठरलं. पिल्लं निघाली की फोन मला करायचा. खोकं आणि हेल्मेट आमच्याकडेच आहे.